वळणाआधी बंद केलेला दिवा

आमच्या मामांबरोबर पोलिसांची मालिका बघणं म्हणजे शिक्षा असायची.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. पोलीस खात्यात ड्रायव्हर होते. त्यांच्या घरी कपाटावर एक कृष्णधवल टीव्ही ठेवलेला होता, इतका उंच की बघणाऱ्यांच्या माना दुखायच्या. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, त्यावर ती मालिका लागायची. मालिका तेव्हाही जुनीच होती, पुन्हा दाखवत होते. आई मला घेऊन भावाकडे जायची, शेजारचा सुतार आणि त्याची बायको यायचे, मामी शिवणाचं मशीन बंद करून सतरंजी घालायची. पडद्यावर चोर पळायला लागला, पोलिसांची गाडी त्याच्या मागे सुटली, आम्ही सगळे श्वास रोखून बसलो, की मामांचा आवाज यायचा, "हे चूक आहे."

मग एकेक चूक बाहेर पडायची. गल्लीत शिरताना गाडीच्या चाकाला चकचकीत टोपी होती, बाहेर पडताना नाही, आणि पुढच्या चौकात बघावं तर पुन्हा बसवलेली. म्हणजे पाठलाग एक आणि गाड्या दोन. सायरन आधी वाजला आणि बटण मागाहून दाबलं. टपावरच्या दिव्याची वायर खिडकीतून आत घेतली होती, म्हणून आतला इन्स्पेक्टर बिचारा धो धो पावसात खिडकी उघडी टाकून बसला होता. मामी कंटाळून म्हणायची, "अहो, त्यांना आधी चोर तर पकडू द्या."

सगळ्यात जास्त राग त्यांना टपावरच्या दिव्याचा यायचा. मालिकेतला दिवा दुकानाच्या पाटीसारखा उघडझाप करायचा. खरा दिवा तसा नसतो, हे मला पटवायला त्यांनी एकदा मालिका चालू असतानाच खोलीतला दिवा मालवला, टॉर्च उभी धरली आणि मामीचा छोटा आरसा टॉर्चभोवती फिरवून दाखवला. उजेडाचा पट्टा भिंतीवरून, कपाटावरून, सुताराच्या टकलावरून सरकत गेला. "बघ, बल्ब जागचा हलत नाही. आरसा फिरतो. म्हणून उजेड चालत येतो, डोळे मिचकावत नाही." तेवढ्या वेळात पडद्यावर खुनी कोण ते सांगून झालं होतं. सुताराच्या बायकोने पुढचे दोन आठवडे अबोला धरला.

रंगही मामाच सांगायचे. आमच्या टीव्हीवर दिवा पांढरा व्हायचा नाही तर काळा. "हा निळा," मामा सांगायचे, आणि आमच्यासाठी तो निळा व्हायचा. रस्त्यावरच्या खऱ्या गाड्यांनाही तेव्हा निळाच दिवा होता, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं.

सुताराने त्यांचं नाव दिवेमामा ठेवलं होतं. त्याला आणखीही एक कारण होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षात मामांनी गाडी एका बुटक्या कमानीखालून घातली आणि टपावरच्या दिव्याला तडा पाडला. साहेब खाली उतरले, वर बघितलं आणि म्हणाले, "काय दिवे लावलेस?" मामा ताठ उभे राहून म्हणाले, "साहेब, लावला होता, तोच फुटला." ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे आणि सांगताना दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

असे हे मामा निवृत्त झाले आणि घराची पंचाईत झाली. बसमध्ये ते नेमके ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे आणि चौक आला की पायाखालचा पत्रा ब्रेकसारखा दाबायचे. घरी मामीच्या मागे लागायचे. तिची रिळं त्यांनी एक दिवस रंगाप्रमाणे लावून ठेवली. कोणतं रीळ कोणत्या कपड्याचं हे मामीला जागेवरून कळायचं, रंगावरून नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या करड्या पँटला तिने जवळपास तशाच दुसऱ्या करड्या दोऱ्याने टीप घातली आणि सगळी उसवत बसली. भांडण झालं नाही. मामी फक्त सुताराकडे गेली आणि म्हणाली, "भाऊ, ह्यांना कुठेतरी घेऊन जा. नुसतं बघायला ने, पण ने."

सुतार तेव्हा एका स्टुडिओत कामाला होता. समोरून घर आणि मागून नुसत्या फळ्या, असल्या भिंती उभ्या करायचं त्याचं काम. तिथे पोलिसांचीच एक नवी मालिका चालू होणार होती, पण गोष्ट जुन्या काळातली. मामा ज्या वर्षांत नोकरीला लागले, साधारण त्याच वर्षांतली. सुतार म्हणाला, "इतकी वर्षं आमच्या कानाशी चुका सांगितल्यात. आता तिथे येऊन सांगा, निदान कोणाला उपयोग तरी होईल." मामांनी बुटांना पॉलिश केलं आणि गेले.

पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये ती गाडी उभी होती. भंगारातून आणून, ठोकून, रंगवून उभी केलेली. तिच्या शेजारी कोपरापर्यंत रंगाने माखलेली एक बाई होती, मालिकेची कलादिग्दर्शक. त्या काळाचं सगळं खरं दिसलं पाहिजे ही तिची जबाबदारी. मागच्या फळ्यावर तिने जुन्या गाड्यांचे फोटो टाचले होते. सुताराने ओळख करून दिली. ती म्हणाली, "बघा ना मामा. जे खटकेल ते सांगा."

मामांनी हात पाठीमागे बांधून गाडीभोवती फेरी मारली. मग दुसरी. दारावरची अक्षरं बरोबर होती. वायरलेसच्या एरियलची काडी योग्य बाजूला होती. सीटचं कव्हर, आरसा, मागचा बंपर, सगळं जागच्या जागी. सुतार नंतर सांगायचा की चूक सापडेना म्हणून मामांचा चेहरा उतरत चालला होता. मग त्यांनी वर बघितलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. टपावरचा दिवा लाल होता.

"हे चूक आहे," मामा म्हणाले. "निळा पाहिजे."

तिने विचारलं, खात्री आहे का. मामा म्हणाले की ही गाडी त्यांनी स्वतः चालवली आहे, आणखी काय खात्री पाहिजे. तेव्हा ती त्यांना एका खोलीत घेऊन गेली आणि तिथल्या पडद्यावर तिने एक जुनं चित्रण लावलं. मामांनी पहिल्याच क्षणी ओळखलं. तीच मालिका, कपाटावरच्या टीव्हीतली. पण रंगीत. आमच्या घरात जी काळी-पांढरी होती ती मुळात रंगात काढलेली होती. मामांनी पडद्यातल्या लाल दिव्याच्या गाडीकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की ह्या मालिकेवर तर मुळीच विश्वास ठेवू नका, हिच्यात एक गोष्ट धड नाही.

तिने मान डोलावली. मालिकेची गाडी खोटी आहे हे तिलाही माहीत होतं. तिने चित्र थांबवलं आणि मागे बोट ठेवलं. नट रस्ता ओलांडत होता, त्याच्या पाठीमागे, दूर चौकातून, एक दुसरी पोलीस गाडी चालली होती. ती मालिकेची नव्हती. चित्रीकरण चालू असताना सहज समोरून गेलेली खरी गाडी. तिच्या टपावर लाल ठिपका होता.

मामा तरीही हरले नाहीत. जुन्या फिल्मचे रंग उडतात, सगळंच तांबूस होतं, ते म्हणाले. नटाचा चेहरा बघा, भाजल्यासारखा दिसतोय. ती हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली की मुद्दा बरोबर आहे, फिल्मची साक्ष पक्की धरता येणार नाही. "आणि मामा, आठवणीचाही रंग उडतो. तेव्हा आपल्याला तिसरा साक्षीदार लागेल."

मामा घरी आले ते धुमसतच. जेवताना त्यांनी कालच्या मुलींना काय कळतं इथपासून सुरुवात केली. मामी सुईत दोरा ओवत ऐकत होती. दोरा ओवला गेल्यावर म्हणाली, "तिने साक्षीदार मागितला ना? मग आणा की. तुमच्या खात्यात काय, एकाच्या सांगण्यावरून कोणालाही आत टाकत होता?"

साक्षीदार एकच होता. पोलीस गॅरेजचा वायरमन, मामांच्या आधी लागलेला, मामांच्या आधी निवृत्त झालेला. तो आता मुलीकडे राहायचा, एका घड्याळाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. कानाने कमी ऐकायचा, म्हणून मामांना जिन्यात उभं राहून दोनदा ओरडावं लागलं. खाली दुकानदाराने आपल्यालाच हाक मारली असं समजून उत्तर दिलं.

म्हाताऱ्याने मामांना मिठी मारली, चहा मागवला आणि जुन्या लोकांची खबरबात विचारत बसला. मामांना मुद्द्यावर यायला वेळ लागला. शेवटी त्यांनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं की आपल्या पहिल्या गाडीवरचा दिवा निळाच होता ना.

"लाल," वायरमन म्हणाला.

मामा म्हणाले, नीट आठव.

"आठवायचं काय त्यात? निळे नंतर आले. तू पक्का ड्रायव्हर झालास त्या वर्षी. त्याच्या आधी सगळे लालच." मग तो उठला, खिडकीतल्या फळीवरून एक लालभडक वाडगा उचलला आणि त्यातले स्क्रू, खिळे, वॉशर एका डब्यात उपडे केले. तो वाडगा नव्हताच. दिव्यावरचा घुमट होता, उलटा ठेवलेला. आतून अजून पारदर्शक होता. त्याच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता आणि तड्यावर पिवळा पडलेला डिंकाचा ओघळ. "हे तूच लावलेले दिवे, लेका. नवा घुमट मिळेपर्यंत मीच चिकटवला होता. टाकून द्यायला जीव झाला नाही."

मामांनी तो हातात घेतला आणि खिडकीसमोर धरला. बाहेरचा रस्ता, समोरचं झाड, तारेवरचे कपडे, सगळं लाल झालं. त्यांनी बराच वेळ तो खाली ठेवला नाही. चहा गार झाला. वायरमनला वाटलं की ह्याला वाईट वाटलं, म्हणून तो सांगायला लागला की अरे, होतं असं, मी तर परवा जावयालाच दुसऱ्या जावयाच्या नावाने हाक मारली. पण मामांना हरल्याचं वाईट वाटत नव्हतं. त्यांना दुसरंच काहीतरी आठवलं होतं.

घुमट पिशवीत घालून ते घरी आले. दुपारची वेळ, मामी मशीनवर बसलेली. मामांनी घुमट तिच्यासमोर ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसून, इतक्या वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. मामीने नंतर ती आईला सांगितली, आईने मला, म्हणून मी सांगू शकते.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. एक म्हातारे गृहस्थ घरातून हरवले होते. विसराळू झालेले, स्वतःचं नावही कधी सांगायचे, कधी नाही. एकुलती एक मुलगी, ती दोन दिवस पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसून होती. तिसऱ्या दिवशी मामांनाच ते सापडले, बस डेपोच्या बाकावर, कोणीतरी दिलेली बिस्किटं खात. मामांचा आनंद पोटात मावेना. म्हाताऱ्यांना मागच्या सीटवर बसवलं, बरोबरच्या हवालदाराने आग्रह केला आणि मामांनी दिवा लावला, सायरन लावला आणि वरात निघावी तशी गाडी काढली. वाटेत म्हातारे काचेतून लोकांना हात दाखवत होते.

गाडी त्या गल्लीत वळली. मुलगी घरी आली होती, वरच्या मजल्यावर होती. तिला गाडी दिसण्याआधी उजेड दिसला. समोरच्या भिंतीवरून लाल पट्टा सरकत सरकत तिच्या खोलीत आला. ती जिन्याकडे धावली. चारच पायऱ्या उतरली आणि तिचा तोल गेला. मामा गाडीचं दार उघडेपर्यंत ती खाली पडली होती आणि हात मोडला होता.

"मी चांगली बातमी घेऊन चाललो होतो," मामा म्हणाले. "पण दिवा माझ्या आधी घरात शिरला आणि त्याने वाईट सांगून टाकलं."

पुढे काय, तर तिचे वडील बिस्किटाचा पुडा हातात घेऊन गाडीतून उतरले आणि मामांना विचारलं, हिला काय झालं. मग त्याच गाडीतून दोघांना इस्पितळात नेलं. मुलगी मागे बसून मोडलेला हात धरून हसतही होती आणि रडतही होती, आणि म्हातारे तिला बिस्किट भरवत होते. साहेबांनी मामांची पाठ थोपटली. पण त्या दिवसापासून कोणाच्याही घरी जायचं असलं, बातमी कसलीही असली, की मामा वळणाच्या आधी दिवा बंद करायचे. सायरन तर दोन चौक आधीच. पुढे दिवे निळे झाले, गाड्या बदलल्या, सवय तीच राहिली. फक्त त्या गल्लीतला उजेड त्यांच्या आठवणीत कधी निळा होऊन बसला ते त्यांनाच कळलं नाही.

मामीने मशीनवरचा कपडा बाजूला केला. ती म्हणाली, "म्हणून तुम्ही डबा न्यायला यायचात तेव्हा गाडी कोपऱ्यावर ठेवून चालत यायचात? मला वाटायचं, घर लहान म्हणून तुम्हाला साहेबांची लाज वाटते."

मामा म्हणाले, "अगं, मला भीती वाटायची. तू दारात असायचीस."

दुसऱ्या दिवशी मामा पिशवी घेऊन शेडमध्ये गेले. सगळी माणसं होती, सुतार, रंगारी, दिवेवाले. त्यांच्यासमोर त्यांनी घुमट बाहेर काढला आणि सांगितलं, "माझं चुकलं. लालच होता." सुताराने आयुष्यात हे वाक्य मामांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, त्याच्या हातातली करवत थांबली. कलादिग्दर्शक बाईने मात्र काही विशेष घडल्यासारखं दाखवलं नाही. घुमट हातात घेतला, तड्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं की आतली मोटर फिरताना आवाज कसा यायचा. मामा सांगायला लागले. संध्याकाळ होईपर्यंत दोघं जमिनीवर बसून मोटर उघडत होती. जाताना ती म्हणाली, "उद्या किती वाजता येता?" आणि मामांना काम लागलं.

काम सोपं नव्हतं. दिवा खऱ्यासारखा फिरवला आणि कॅमेऱ्यातून बघितलं तर तो भलताच दिसायला लागला, मध्येच चमकायचा, मध्येच गायब. थेट दुकानाची पाटी. मामांनी डोक्याला हात लावला. कॅमेरामनने त्यांना शेजारी बसवून समजावलं की कॅमेरा सलग बघत नाही, थांबून थांबून बघतो, आणि आरसा नेमका त्याच्या डोळे मिटण्याच्या वेळी समोरून जातो. उपाय एकच, मोटर हळू करायची. मामांना ते पटेना. खरी मोटर इतकी हळू कधीच फिरली नव्हती. पण हळू केल्यावर त्यांनी छोट्या पडद्यात बघितलं, तेव्हा उजेड भिंतीवरून अगदी पूर्वीसारखा चालत गेला. त्यांनी तो पुन्हा एकदा फिरवायला लावला. मग म्हणाले, "म्हणजे खरं दिसायचं तर थोडं खोटं फिरावं लागतं." आणि जरा वेळाने, "त्या जुन्या मालिकेतल्या लोकांचीही हीच अडचण झाली असेल. मी उगाच त्यांना इतकी वर्षं शिव्या घातल्या."

गाडी चालवायचं कामही त्यांच्याकडेच आलं. खाकी घालायची, टोपी खाली ओढायची, चेहरा दिसणार नाही इतकं बघायचं. मामी मापं घ्यायला स्टुडिओत गेली, कारण त्यांचा पूर्वीचा गणवेश पोटावर बसेना.

एका भागात असा प्रसंग होता की हरवलेली मुलगी पोलिसांना सापडते आणि ते तिला घरी आणून सोडतात. सुताराने गल्ली उभी केली होती, दोन्ही बाजूंना घरं, गॅलऱ्या. कातरवेळी चित्रीकरण. दिग्दर्शकाला पाहिजे होतं ते असं, की दिवा फिरवत गाडी गल्लीत येईल, लोक गॅलऱ्यांत जमतील, आई दारात येईल आणि तिच्या चेहऱ्यावरून लाल उजेड जाईल.

पहिली तालीम झाली. गाडी आली, पण दिवा बंद. दिग्दर्शकाने सांगितलं, मामा, दिवा राहिला. मामांनी माफी मागितली. दुसऱ्यांदा गाडी आली, दिवा पुन्हा बंद. त्यांनी बंद केला नव्हता, त्यांच्या हाताने केला होता. तिसऱ्या वेळी दिग्दर्शक स्वतः चालत वळणापर्यंत आला आणि खिडकीशी वाकून विचारलं की काही अडचण आहे का.

मामांनी इंजिन बंद केलं आणि त्याला ती गोष्ट सांगितली. लांबण न लावता, जशी घडली तशी.

दिग्दर्शक ऐकून घेणारा माणूस होता, पण त्याचीही बाजू होती. तो म्हणाला की तुमचं म्हणणं खरं आहे, पण माझं पोट चित्रावर आहे. आता अंधार पडतोय. दिवा नसला तर आईचा चेहरा दिसणार कशाने? आणि गाडी पोलिसांची आहे हे घरी बसलेल्यांना कळणार कसं? मामांनी दिव्याच्या बटणाकडे बघितलं. ते म्हणाले, "ते तुम्ही जाणा. तुम्ही सांगाल तर मी दिवा लावतो. फक्त, तसं होत नसे, एवढं सांगितलं."

उत्तर कलादिग्दर्शक बाईला सुचलं. तिने विचारलं की आईनेच दार उघडलं तर? घरात दिवा असेलच. दार उघडलं की तो उजेड पायरीवर येईल, गाडीवर येईल, दारावरची अक्षरं आपोआप दिसतील. गाडीचा उजेड घरावर पडण्याऐवजी घराचा गाडीवर पडू दे.

दिग्दर्शकाने दोन्ही प्रकारे करून बघायचं ठरवलं. आधी त्याच्या पद्धतीने. मामांनी या वेळी डावा हात मांडीखाली दाबून धरला आणि दिवा चालू ठेवून गाडी आणली. आईचं काम करणारी नटी मुरलेली होती, तिच्या तोंडावरून लाल उजेड गेला आणि तिने असा चेहरा केला की गॅलरीतली माणसं कठड्यावर वाकून बघायला लागली. चांगलंच झालं ते.

मग दुसरं. वळणाआधी दिवा मालवला. मामांनी गाडीचा वेग कमी केला आणि ती जवळपास न वाजता घरासमोर आणून उभी केली. क्षणभर काहीच झालं नाही. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि आईने कोण आहे ते बघायला, हात पुसत पुसत, सहज दार उघडलं. उजेड पायऱ्यांवरून खाली उतरला, गाडीच्या दारावर गेला आणि त्या उजेडात मुलगी उभी होती. आईच्या मनाची तयारीच झालेली नव्हती. तिने मुलीला जवळ घेतलं नाही, आधी तिचे केस सारखे केले. ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

दिग्दर्शकाने थांबा म्हणायला उशीर केला. नटी मग तिथेच पायरीवर बसली आणि तिने मामांना हाक मारून विचारलं की त्या मुलीचा हात बरा झाला का. दिग्दर्शकाला सांगितलेली गोष्ट तोवर सगळ्यांच्या कानावर गेली होती. मामा म्हणाले, "झाला. पुढे एकदा बाजारात भेटली. त्याच हातात भरलेली पिशवी होती आणि दुसऱ्या हाताने वडिलांना धरलं होतं. सुटू देत नव्हती."

तो भाग लागला तेव्हा आम्ही सगळे मामांकडे जमलो. आता टीव्ही रंगीत आहे आणि भिंतीवर नीट समोर आहे. आई आली, मी माझ्या मुलीला घेऊन गेले, सुतार आणि त्याची बायको आले, घड्याळाच्या दुकानावरून वायरमनलाही त्याच्या मुलीने आणून सोडलं. सुरुवातीच्या पाठलागात लाल दिवा भिंतींवरून चालत गेला तेव्हा वायरमन मोठ्याने म्हणाला, "माझी जोडणी," जरी ती त्याची नव्हती. मग गल्लीचा प्रसंग आला. दिग्दर्शकाने दुसऱ्या वेळचाच, दिवा मालवलेला, ठेवला होता. गाडी आली, दार उघडलं, उजेड उतरला. सुताराची बायको डोळ्यांना पदर लावून बसली. मी मामांकडे बघितलं. ते गाडीकडे बघतच नव्हते, आई मुलीचे केस सारखे करत होती तिकडे बघत होते. त्यांच्या पायावर मामीने हात ठेवला होता आणि तो पाय पहिल्यांदाच ब्रेक शोधत नव्हता.

त्या मालिकेनंतर मामांना आणखी कामं येत गेली. ते बदलले असं म्हणणार नाही, चुका अजून काढतात. पण आता आधी म्हणतात, "मला आठवतं ते असं, तुम्ही तपासून घ्या." मामीची रिळं तिच्या पद्धतीने लावलेली असतात. कलादिग्दर्शक बाई अधूनमधून घरी येते, मामीकडून कपडे शिवून घेते आणि मामांशी वाद घालते.

हल्ली त्यांच्याकडे आगीच्या बंबाचं काम आलं आहे. सायरन यायच्या आधीच्या काळातला बंब, घंटा वाजवत जाणारा. त्यातलं मामांना काही म्हणजे काही माहीत नाही. मला वाटलं, ते नाही म्हणतील. परवा मी गेले तर मामी एकटीच मशीनवर होती. मामा सकाळीच अग्निशमन केंद्राकडे गेले होते. तिथे रोज सकाळी गप्पा मारायला एक फार म्हातारे फायरमन येतात. घंटा दोरीने ओढायची की हाताने वाजवायची, आणि जळत्या घराजवळ पोचल्यावर ती वाजवत ठेवायची की थांबवायची, हे त्यांना विचारायचं होतं.

"दुपारी जेवायला येतो म्हणालेत," मामी म्हणाली आणि कपड्यावर टीप घालायला लागली. "पण त्यांचं काही खरं नाही. तू बस, आपण दोघी जेवून घेऊ."